हार्थस्टोन : लवचिक डेक खेळताना हात वारंवार का अडकतो आणि त्यावर काय करावे

हार्थस्टोन या डिजिटल कार्ड-खेळात तयार यादीचा कोड उचलण्याऐवजी स्वतःचा डेक (खेळायच्या कार्डांची गड्डी) स्वतः बांधू लागलेल्या खेळाडूंची एक तक्रार पुन्हा पुन्हा कानावर येते. डेकमध्ये शस्त्र मोडणारे कार्ड आहे, मोठा मिनियन (पटावर उभे राहून लढणारे पात्र) मारणारे कार्ड आहे, पायरेट आणि मरलॉक या मिनियनच्या जातींवरचा उतारा आहे, थोडे आरोग्य परत मिळवण्याची सोय आहे. थोडक्यात, समोर कोणीही आला तरी त्याच्यासाठी काहीतरी ठेवलेले आहे. तरीही पाचव्या-सहाव्या टर्नला हातात सहा-सात कार्डे साचलेली असतात आणि त्यांतले एकही त्या घडीला खेळण्याजोगे नसते. सामना हरल्यावर तीन-चार कार्डे बदलली जातात, एक-दोन दिवस बरे जातात आणि मग पहिले पाढे पंचावन्न. नशिबाला दोष देण्यापूर्वी ही अडचण नेमकी कुठून येते ते नीट तपासणे गरजेचे आहे, कारण बहुतेक वेळा तिचे मूळ डेकच्या बांधणीत आणि काही वेळा खेळण्याच्या सवयीत असते, आणि या दोन्ही गोष्टी आपल्या हातातल्या आहेत.

आधी निदान

हरलेला प्रत्येक सामना या अडचणीमुळे हरलेला नसतो. त्यामुळे सामना संपण्याच्या क्षणी आपल्या हातात काय उरले होते, हे पुढचे काही सामने एका वहीत लिहून ठेवावे. हात रिकामा असताना हरत असाल, तर तुमच्या डेकला कार्डे ओढण्याची साधने कमी पडत आहेत. हात चांगला चालला आणि तरीही ठरावीक एकाच क्लासपुढे (ड्रुइड, वॉरियर, रोग, हंटर, वॉरलॉक यांसारखा हिरोचा प्रकार) हार होत असेल, तर तो त्या दोन डेकांच्या जोडीचा गुणधर्म आहे. मात्र हातात चार किंवा अधिक कार्डे शिल्लक असताना, आणि त्यांची किंमत परवडत असतानाही ती न खेळता, सामना संपत असेल, तर पुढचा मजकूर तुमच्यासाठी आहे.

दुसरी मोजणी मॅनाची, म्हणजे कार्डे खेळण्यासाठी मोजाव्या लागणाऱ्या चलनाची, करावी. पहिल्या पाच टर्नमध्ये प्रत्येक खेळाडूला १, २, ३, ४ आणि ५ असा एकूण १५ मॅना मिळतो. दुसऱ्या क्रमांकाने खेळणाऱ्याला कॉइन या जादा कार्डामुळे आणखी एक. यांपैकी किती मॅना खर्चच झाला नाही आणि किती मॅना केवळ दुसरे काही करता येत नव्हते म्हणून हिरो पॉवरवर (क्लासला मिळालेली, मॅना देऊन वापरायची शक्ती) गेला, हे वेगवेगळे लिहावे. माझ्या मते या दोन्हींची बेरीज वारंवार सहा-सातच्या पुढे जात असेल, तर तो डेक लवचिक नसून विस्कळीत आहे. वॉरलॉकची हिरो पॉवर कार्ड मिळवून देते, त्यामुळे तिच्यावरचा मॅना या हिशेबातून वगळायला हरकत नाही.

कारण : उत्तरे डेकमध्ये असतात, हातात नसतात

डेकमध्ये ३० कार्डे असतात आणि एका कार्डाच्या जास्तीत जास्त दोन प्रती ठेवता येतात, लेजंडरी (सर्वांत दुर्मिळ दर्जाचे) असेल तर एकच. पहिल्या क्रमांकाने खेळताना सुरुवातीला तीन कार्डे मिळतात आणि दर टर्नला एक, म्हणजे मलिगन (सुरुवातीच्या हातातली नको ती कार्डे परत करून नवी घेणे) बाजूला ठेवले तर पाचव्या टर्नपर्यंत आठ कार्डे नजरेखालून जातात. एका विशिष्ट कार्डाची एकच प्रत ठेवली असेल, तर ती तोवर हातात येण्याची शक्यता सुमारे २७ टक्के असते. दोन प्रती ठेवल्या, तर सुमारे ४७ टक्के. आता असे धरा की तुम्हाला भेटणाऱ्या चार प्रतिस्पर्ध्यांपैकी एकाकडे शस्त्र असते आणि तुम्ही शस्त्र मोडणाऱ्या कार्डाची एक प्रत ठेवली आहे. ‘समोर शस्त्र आहे आणि पाचव्या टर्नपर्यंत उत्तरही हातात आहे’ असा योग साधारण पंधरा सामन्यांत एकदा येतो. याउलट, समोर शस्त्र नाही आणि ते कार्ड मात्र हातात येऊन बसले आहे, ही स्थिती पाच सामन्यांत एकदा येते. म्हणजे एका उपयोगासाठी तीनदा अडगळ सोसावी लागते.

अशी परिस्थितीवर अवलंबून असणारी कार्डे एकापेक्षा जास्त झाली की गणित फार वेगाने बिघडते. डेकमध्ये अशी दोनच कार्डे असतील, तर ती दोन्ही पहिल्या आठांत येण्याची शक्यता ६ टक्क्यांच्या आसपास असते. तीन असतील, तर त्यांपैकी किमान दोन येण्याची शक्यता १७ टक्क्यांपर्यंत जाते. सहा असतील, तर तीच शक्यता ५२ टक्के होते. निम्म्याहून अधिक सामन्यांत तुमच्या पहिल्या आठ कार्डांपैकी दोन किंवा जास्त कार्डे वाट पाहत बसलेली असतात. खेळाडू एकेक कार्ड वाढवत जातो आणि प्रत्येक कार्डाचे समर्थन त्याच्याकडे असते, पण हातावर जो भार पडतो तो सहाही कार्डांचा एकत्रित पडतो. तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा इथेच सापडते.

प्रत्येक कार्डाला विचारायचा प्रश्न

डेकमध्ये कार्ड घालताना आपण स्वाभाविकपणे त्याच्या सर्वोत्तम क्षणाचा विचार करतो. लवचिक डेक बांधणाऱ्याने उलट बाजूने सुरुवात करावी : ज्या सामन्यात या कार्डाला लक्ष्यच मिळणार नाही, त्या सामन्यात ते काय करेल? या किमान उपयोगावर कार्डाची परीक्षा घेतली की यादीतली बरीच नावे आपोआप गळतात.

ॲसिडिक स्वॅम्प ऊझ हे याचे जुने आणि चांगले उदाहरण आहे. दोन मॅनाला ३ हल्ला आणि २ आरोग्य असलेला मिनियन मिळतो आणि समोर शस्त्र असेल तर ते मोडते. शस्त्र नसले तरी दुसऱ्या टर्नला ३/२ मिनियन टाकणे ही अगदी सर्वसामान्य, चालण्याजोगी खेळी आहे. गोलाका क्रॉलर हा दोन मॅनाचा २/३ मिनियन एका पायरेटला मारून स्वतः +१/+१ होतो. पायरेट नसला तरी २/३ फार वाईट नाही. मरलॉक खाणारा हंग्री क्रॅब मात्र मरलॉक नसताना एक मॅनाचा १/२ उरतो आणि तो पाचव्या टर्नला हातात आला, तर काहीच कामाचा नसतो. स्कल्किंग गाइस्ट दोन्ही खेळाडूंच्या हातांतली आणि डेकांतली एक मॅनाची सर्व स्पेल (मंत्रासारखी एकदाच परिणाम करणारी कार्डे) नष्ट करतो. तशी स्पेल समोर नसतील, तर सहा मॅना मोजून ४/६ मिनियन पदरात पडतो आणि त्या टर्नची गती जाते. या चौघांना एकाच ‘टेक कार्ड’ (विशिष्ट डेकविरुद्ध मुद्दाम ठेवलेले कार्ड) या नावाखाली ठेवणे ही मोठी चूक आहे, कारण पहिली दोन कार्डे हात अडवत नाहीत आणि शेवटची दोन अडवतात.

बिग गेम हंटरचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. ७ किंवा जास्त हल्ला असलेला मिनियन मारणारा हा ४/२ मिनियन सुरुवातीला तीन मॅनाचा होता. डिसेंबर २०१४ मध्ये ‘गॉब्लिन्स व्हर्सेस नोम्स’ या संचातून सात मॅनाचा ७/७ डॉक्टर बूम आला आणि जवळपास प्रत्येक डेकमध्ये दिसू लागला, त्यामुळे हंटरला लक्ष्य हमखास मिळे. आणि नाहीच मिळाले तरी तीन मॅनाला ४/२ ही खेळी फार महाग पडत नसे. एप्रिल २०१६ मध्ये स्टँडर्ड फॉरमॅट (मुख्यतः अलीकडचे संच चालणारा खेळाचा प्रकार) सुरू झाला, त्यातून तो संच बाहेर गेला आणि त्याच सुमारास हंटरची किंमत पाच मॅना करण्यात आली. त्याचे जास्तीत जास्त मोल फारसे बदलले नव्हते. मोठा मिनियन तो तेव्हाही मारत होताच. पण पाच मॅनाला ४/२ हा किमान उपयोग कोणालाच परवडणारा नव्हता, आणि बहुतेक याद्यांतून त्याचे नाव गेले.

इथे घेतलेली कार्डे वेगवेगळ्या वर्षांच्या संचांतली आहेत. वाइल्ड या जुने संचही चालणाऱ्या फॉरमॅटमध्ये ती चालतात; स्टँडर्ड खेळणाऱ्यांनी आपल्या चालू संचातली त्याच स्वरूपाची कार्डे घेऊन हीच परीक्षा लावावी.

लवचिकता कार्डाच्या आत शोधावी

किमान उपयोगाची चाळणी लावल्यावर डेकमध्ये चार-पाच जागा रिकाम्या होतात. त्या जागी एकाच कार्डात दोन कामे असलेली कार्डे आणावीत, असे माझे ठाम मत आहे. ड्रुइडची ‘चूज वन’ कार्डे याच कल्पनेवर उभी आहेत. रॅथ हे दोन मॅनाचे स्पेल एखाद्या मिनियनचे ३ नुकसान करते किंवा १ नुकसान करून एक कार्ड ओढून देते. वेगवान डेकपुढे ते मिनियन मारते आणि संथ डेकपुढे पुढचे कार्ड शोधते. पॉवर ऑफ द वाइल्ड आपल्या सर्व मिनियनना +१/+१ देते किंवा बोर्ड रिकामा असेल तर ३/२ पँथर उभा करते. ही कार्डे एकेका कामात सर्वोत्तम नसतात. नुसते ३ नुकसान याहून स्वस्तात मिळू शकते. तरीही कोणत्याही सामन्यात ती मृत पडून राहत नाहीत आणि आपल्या तक्रारीवर नेमका हाच उतारा आहे.

ऑगस्ट २०२१ मध्ये ‘युनायटेड इन स्टॉर्मविंड’ संचाबरोबर ‘ट्रेडेबल’ हा गुण आला. असे कार्ड नको असेल, तर एक मॅना देऊन ते डेकवर ओढून सोडायचे. ते डेकमध्ये मिसळले जाते आणि बदल्यात एक कार्ड मिळते. याच संचातला रस्टरॉट वायपर हा तीन मॅनाचा ३/४ मिनियन शस्त्र मोडतो आणि समोर शस्त्र नसेल तर बदलूनही घेता येतो. परिस्थितीवर अवलंबून असणाऱ्या कार्डाला दिलेले हे सर्वांत स्वच्छ उत्तर आहे. फक्त दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. एक म्हणजे बदली फुकट नसते, त्यामुळे जो एक मॅना एरवी वाया जाणार होता त्या टर्नलाच ती करावी. तिसऱ्या टर्नची खेळी सोडून बदली करण्याने हात सुटत नाही, बोर्ड जातो. दुसरी म्हणजे बदललेले कार्ड डेकमध्येच असते आणि पुन्हा हातात येऊ शकते, म्हणून अशी पाच-सहा कार्डे भरली, तर एकाच्या बदल्यात दुसरे तसेच कार्ड येत राहते.

‘डिस्कव्हर’ हा गुण नोव्हेंबर २०१५ मध्ये ‘लीग ऑफ एक्स्प्लोरर्स’बरोबर आला. समोर येणाऱ्या तीन कार्डांतून एक निवडायचे असते. हात अडकण्याची तक्रार असलेले बरेच खेळाडू इथेही सर्वांत मोठे, सर्वांत आकर्षक कार्ड उचलतात आणि अडगळीत भर घालतात. निवडण्यापूर्वी हातातल्या कार्डांची किंमत पाहावी आणि पुढच्या दोन टर्नमध्ये कोणत्या मॅनाची जागा रिकामी आहे ते ठरवावे. चौथ्या टर्नला खेळता येणारे साधे कार्ड नवव्या टर्नची वाट पाहणाऱ्या लेजंडरीपेक्षा त्या घडीला जास्त मोलाचे असते.

एप्रिल २०२३ च्या ‘फेस्टिव्हल ऑफ लेजंड्स’ संचातला ई.टी.सी., बँड मॅनेजर हा आणखी एक मार्ग आहे. डेक बांधताना त्याच्या बँडमध्ये तीन कार्डे ठेवायची आणि तो खेळल्यावर त्यांतले एक निवडून घ्यायचे. ज्यांना अत्यंत विशिष्ट उत्तरे हवीच आहेत, त्यांनी ती डेकमध्ये न ठेवता या तीन जागांत ठेवावीत. तीन अडगळींऐवजी एकच जागा खर्च होते. तो वेळेवर हातात येईलच असे नाही, पण न आल्यास ती तीन कार्डे हात तरी अडवत नाहीत.

डेकची कार्डे ४० करणारा प्रिन्स रेनाथल जून २०२२ मध्ये आला, तेव्हा ‘आता सगळीच उत्तरे बसतील’ असे अनेकांना वाटले. त्याने मिळणारे जास्तीचे आरोग्य उपयोगाचे आहे, पण ४० कार्डांत एका प्रतीची पाचव्या टर्नपर्यंतची शक्यता २७ वरून २० टक्क्यांवर येते आणि दोन प्रतींची ४७ वरून ३६ वर. हात अडकणाऱ्या डेकचा तो उपाय नव्हे. रेनो जॅक्सनसारख्या, डेकमध्ये दुसरी प्रत नसेल तरच काम करणाऱ्या कार्डांसाठी प्रत्येकी एकच प्रत ठेवणाऱ्या डेकनाही हेच लागू पडते. त्यांची ताकद वेगळी आहे, पण अशा डेकमध्ये किमान उपयोगाची परीक्षा अधिक कडक लावावी लागते.

सुरुवातीची कार्डे किती असावीत

उत्तरांच्या नादात सर्वांत आधी बळी जातात ती एक आणि दोन मॅनाची साधी कार्डे. पहिल्या क्रमांकाने खेळताना, तिन्ही कार्डांत सुरुवातीचे एकही नसेल तर तिन्ही परत करून, दुसऱ्या टर्नपर्यंत किमान एक तरी स्वस्त कार्ड मिळण्याची शक्यता मी मोजून देतो. डेकमध्ये अशी चार कार्डे असतील तर ती ७२ टक्के असते, सहा असतील तर ८६ आणि आठ असतील तर ९४. चारवरून सहावर जाण्याने जो फायदा होतो, तो सहावरून आठवर जाण्याने होत नाही. म्हणून मध्यम गतीच्या लवचिक डेकमध्ये, कॉइनची मदत धरून, सहा ते सात स्वस्त कार्डे ठेवावीत असे मला वाटते, आणि त्यांतही ऊझसारखी, ज्यांना उशिरा आल्यावरही काम असते, अशी आधी निवडावीत.

याच हिशेबात मलिगनचे महत्त्व दिसते. सहा स्वस्त कार्डे असताना काहीच परत केले नाही, तर ही शक्यता ७० टक्केच राहते. नीट परत केल्याने ती ८६ होते. ‘हे कार्ड पुढे कधीतरी लागेल’ म्हणून सहा मॅनाचे उत्तर सुरुवातीच्या हातात धरून ठेवणारा खेळाडू ही वाढ स्वतःच नाकारतो. समोरचा क्लास आणि त्याचा नेहमीचा डेक यांची खात्री असेल तरच विशिष्ट उत्तर राखावे, तेही हातात स्वस्त कार्ड आधीच असेल तर.

हात अडकला आहे की अडवून धरला आहे?

डेक सुधारल्यावरही तक्रार राहिली, तर खेळण्याची सवय तपासावी. अनेकदा हातातली कार्डे खेळता येत असतात, पण त्यांचा पूर्ण मोबदला मिळेपर्यंत ती राखून ठेवली जातात. समजा, तुम्ही ड्रुइड आहात आणि समोर रोग (Rogue) हा क्लास आहे. त्याने दुसऱ्या टर्नला हिरो पॉवर वापरून १/२ खंजीर घेतला. तुमच्या दुसऱ्या टर्नला हातात ऊझ, रॅथ आणि दोन महागडी कार्डे आहेत, आणि बोर्डवर कोणीच नाही. रॅथला मारायला मिनियन नाही. अशा वेळी ‘ऊझ मोठ्या शस्त्रासाठी ठेवू’ म्हणून हिरो पॉवर दाबणारे खेळाडू पुष्कळ दिसतात. ऊझ आताच खेळल्याने रोगने दोन मॅना देऊन घेतलेला खंजीर जातो, म्हणजे त्याची दुसरी टर्न बरीचशी पुसली जाते, आणि बोर्डवर तुमचा ३/२ मिनियन उभा राहतो, ज्याला उत्तर देण्यासाठी त्याला पुन्हा मॅना मोजावा लागतो. मोठे शस्त्र येईल की नाही ते माहीत नाही; ही टर्न मात्र परत येणार नाही.

हाच ऊझ वॉरियरपुढे थोडा थांबवणे योग्य ठरू शकते. फायरी वॉर ॲक्स हे ३/२ शस्त्र सप्टेंबर २०१७ पासून तीन मॅनाचे आहे, त्यामुळे दुसऱ्या टर्नला दुसरे काही खेळण्यासारखे असेल तर ते आधी खेळावे आणि ऊझ एक-दोन टर्न राखावा. दुसरे काहीच नसेल, तर मी तिथेही तो खेळेन. नियम असा की थांबण्याची किंमत म्हणजे वाया जाणारा मॅना, आणि ती किंमत दर टर्नला नव्याने मोजायची.

या निर्णयामागे एक मोठा निर्णय असतो : या सामन्यात हल्ला आपण करायचा की समोरच्याचा थोपवायचा. मध्यम गतीच्या डेकला हे प्रत्येक सामन्यात ठरवावे लागते, कारण तो हंटर या क्लासच्या वेगवान डेकपुढे संथ असतो आणि वॉरियरच्या संथ डेकपुढे वेगवान. थोपवायचे असेल तेव्हा रॅथचे ३ नुकसान वापरावे आणि आरोग्य सांभाळावे. हल्ला करायचा असेल तेव्हा कार्डे राखण्यात अर्थ नसतो, कारण संथ डेकला वेळ देणे म्हणजे त्याची महागडी कार्डे त्याच्या हातात पोहोचू देणे. मलिगनच्या वेळीच ही भूमिका मनात ठरवावी आणि बोर्ड बदलला की ती पुन्हा तपासावी.

बदल करण्याची पद्धत

एका पराभवानंतर चार कार्डे बदलल्याने कोणत्या बदलाने काय झाले ते कधीच कळत नाही. सध्याची यादी एका स्लॉटमध्ये तशीच ठेवावी, तिची प्रत काढावी आणि एका वेळी एक किंवा फार तर दोन कार्डे बदलावीत. काय बदलायचे ते वहीतली उरलेल्या हाताची नोंद सांगते : जे कार्ड सर्वाधिक वेळा शेवटी हातात उरले, ते पहिले बाहेर. समोर कोण येते याचीही स्वतःची नोंद ठेवावी. संग्रह प्रत्येक सर्व्हर-प्रदेशासाठी वेगळा असतो, त्यामुळे भारतातून खेळणारे सहसा एकाच प्रदेशात स्थिरावतात. तिथे आणि तुमच्या रँकवर जे डेक भेटतात तेच महत्त्वाचे. लेजंड या सर्वांत वरच्या रँकपर्यंत पोहोचलेल्या खेळाडूंच्या याद्यांत ज्या डेकसाठी खास उत्तर ठेवलेले असते, तो डेक गोल्ड रँकवर आठवडाभर भेटणारही नाही. दर महिन्याच्या सुरुवातीला रँक नव्याने ठरतात आणि प्रतिस्पर्धी बदलतात, म्हणून त्या दिवसांतल्या नोंदींवरून टेक कार्डे ठरवू नयेत.

डस्टचा, म्हणजे कार्डे बनवण्याच्या चलनाचा, विचारही इथेच करावा. साधे कार्ड ४० डस्टमध्ये बनते, रेअर १०० मध्ये, एपिक ४०० मध्ये आणि लेजंडरी १६०० मध्ये. मोडताना मात्र लेजंडरीचे ४०० आणि एपिकचे १०० च परत मिळतात. म्हणून आधी साध्या आणि रेअर कार्डांनी डेक सुटसुटीत करून घ्यावा आणि वाया जाणारा मॅना खरोखर कमी झाल्याचे वहीत दिसेपर्यंत ई.टी.सी.सारखे लेजंडरी कार्ड बनवण्याचे थांबवावे.